बहावा फुलला की ४५ दिवसांत पाऊस? हे तपासायचं कसं?

एप्रिल उजाडला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. पिवळ्याधमक झुंबरांनी लगडलेल्या बहाव्याचा फोटो आणि खाली ओळ: बहावा फुलला की बरोबर ४५ दिवसांनी पाऊस येतो. काही मेसेजमध्ये हाच आकडा ६० असतो. पुढे ‘निसर्गाचा इंडिकेटर’, ‘हवामान खात्यापेक्षा आपले पूर्वज हुशार’ वगैरे वाक्यं ज्याच्या त्याच्या चवीनुसार.

मेसेज वाचून दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी करतात. पहिली तो लगेच पुढे पाठवतात. दुसरी ‘अंधश्रद्धा’ म्हणून डिलीट करतात. तिसरी गोष्ट फारसं कुणी करत नाही. ती म्हणजे आपल्या गल्लीतला बहावा मागच्या वर्षी कोणत्या तारखेला फुलला होता, हे आठवून पाहणं.

आठवत नाहीच. ‘यंदा जरा लवकर फुलला’ असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं, पण लवकर म्हणजे किती आणि कशाच्या तुलनेत, याचं उत्तर कुणाकडे नसतं. पालवी कधी फुटली, कळ्या कधी धरल्या, फूल कधी उमललं, शेंग कधी पिकली याच्या तारखा लिहून ठेवून त्यांचा ऋतूंशी असलेला संबंध पाहणं, हे एक शास्त्र आहे. त्याला फिनॉलॉजी म्हणतात. नाव जड असलं तरी या शास्त्राचं मुख्य उपकरण म्हणजे डोळे आणि वही. बहाव्याचा मेसेज खरा की खोटा, हे सांगण्याची ताकदही त्याच वहीत आहे.

आधी पावसाचा हिशेब

मेसेजमध्ये दोन तारखा आहेत. एक झाडाची, एक पावसाची. झाडाची तारीख कुणी लिहिलेली नाही, पण पावसाची लिहिलेली आहे. तेव्हा तिथून सुरुवात करता येते.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते. पण वर्षावर्षात फरक केवढा पडतो ते पाहा. २०२३ मध्ये मुंबईत मान्सून आला २५ जूनला. २०२४ मध्ये ९ जूनला. २०२५ मध्ये तो थेट २६ मे रोजीच येऊन धडकला, गेल्या पाऊणशे वर्षांतलं सर्वांत लवकरचं आगमन म्हणून त्याची बातमीही झाली. म्हणजे २०२३ आणि २०२५ या दोन वर्षांत बरोबर ३० दिवसांचं अंतर.

आता मेसेजमधला नियम उलटा लावायचा. ४५ दिवसांचा नियम खरा असेल, तर मुंबईतला बहावा २०२३ मध्ये ११ मेच्या आसपास फुलायला हवा होता आणि २०२५ मध्ये ११ एप्रिलच्या आसपास. ६० दिवसांचा नियम धरला तर २६ एप्रिल आणि २७ मार्च. दोन्ही नियमांत अंतर तेच, एक महिना. झाड एक महिना पुढे-मागे झालं असतं तर ते रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेतून सुटलं नसतं. पण ‘सुटलं नसतं’ हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे तारीख, आणि ती कुणी टिपून ठेवलेली नाही, निदान मेसेज पाठवणाऱ्यांपैकी तरी.

आणखी एक अडचण आहे. २०२३ मध्ये मान्सून रखडला त्यामागे अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाचा मोठा हात होता. हे वादळ जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार झालं. जूनमध्ये येणाऱ्या वादळाची खबर एप्रिल-मेमध्ये शिवाजी पार्कजवळच्या झाडाला कशी लागली असेल, याचा खुलासा मेसेजमध्ये नसतो.

मग इतक्या लोकांना तो खरा का वाटतो?

कारण तो बऱ्याचदा खरा ठरतो. यात विरोधाभास नाही.

बहावा साधारण एप्रिल-मेमध्ये फुलतो. पाऊस साधारण जूनमध्ये येतो. दोन घटना वर्षाच्या ठरावीक काळातच घडत असतील, तर त्यांच्यातलं अंतरही साधारण ठरावीकच राहणार. दहावीचा शेवटचा पेपर झाला की अडीच-तीन महिन्यांनी पाऊस येतो, हेही जवळपास दरवर्षी खरं ठरतं. म्हणून परीक्षा मंडळाला पावसाचा अंदाज येतो असं कुणी म्हणत नाही.

खरी कसोटी नेहमीसारख्या वर्षांत लागत नाही, ती वेगळ्या वर्षांत लागते. पाऊस उशिरा आला त्या वर्षी बहावाही तितकाच उशिरा फुलला होता का? लवकर आला त्या वर्षी लवकर? दोन्हीचं उत्तर ‘हो’ आलं तरच झाडाला काहीतरी आधी कळतं असं म्हणता येईल. बहावा दरवर्षी त्याच आठवड्यात फुलत असेल आणि पाऊस मात्र कधी मेअखेर, कधी जूनअखेर येत असेल, तर नियम गेला.

झाडाला नेमकं काय कळतं?

झाडाला येणारा पाऊस कळत नाही, पण बाकी बरंच कळतं. दिवसाची लांबी हा त्यातला सर्वांत भरवशाचा इशारा. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीस दिवस साधारण ११ तासांचा असतो, जूनच्या अखेरीस साधारण सव्वातेरा तासांचा. उष्ण प्रदेशात हा फरक थंड देशांइतका मोठा नाही, तरी झाडांना तो जाणवतो. मार्चनंतर दिवस मोठा होत जातो तशी अनेक पानगळी झाडं, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, भर उन्हात नवी पालवी काढतात. पाणी कुठून आणतात? खोल मुळांजवळच्या ओलीतून आणि खोडात साठवलेल्या पाण्यातून. जुनी पानं गाळल्यामुळे बाष्प होऊन उडून जाणारं पाणी वाचतं, तेही कामी येतं.

दुसरा इशारा तापमानाचा. तिसरा ओलाव्याचा. मागच्या पावसाळ्यात किती पाऊस झाला, जमिनीत ओल किती उरली, यावर झाड किती जोमाने आणि कधी फुलेल हे काही अंशी ठरतं. म्हणजे बहाव्याचा फुलोरा पुढच्या पावसापेक्षा मागच्या पावसाबद्दल जास्त सांगत असण्याची शक्यता आहे. मेसेज लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात आलेलं दिसत नाही.

यातून तपासण्याजोगी एक गोष्ट हाती लागते. दिवसाची लांबी दर वर्षी त्या त्या तारखेला तीच असते. त्यात २०२३ आणि २०२५ असा फरक नाही. बहावा मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालत असेल तर त्याच्या तारखा वर्षानुवर्षं एकमेकींच्या जवळ राहतील. तो तापमानावर चालत असेल तर कडक उन्हाळ्यात तारीख सरकेल. कोणतं खरं, हे एकाच झाडाच्या आठ-दहा वर्षांच्या तारखा मांडल्या की दिसायला लागतं.

‘फुलला’ म्हणजे काय, हेच ठरलेलं नाही

मान्सून ‘आला’ हे हवामान खातं कसं ठरवतं, याचे लिखित निकष आहेत. केरळमधल्या आगमनासाठी १४ ठरलेली केंद्रं आहेत. १० मेनंतर त्यांतल्या किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला पाहिजे, शिवाय वाऱ्याच्या आणि ढगांच्या अटी पूर्ण झाल्या पाहिजेत. वळवाची एखादी जोरदार सर आली म्हणून मान्सून आला असं होत नाही.

बहाव्याचं तसं काही नाही. त्याचा फुलोरा खाली लोंबणाऱ्या घोसांचा. घोसातली देठाकडची, म्हणजे वरची फुलं आधी उमलतात आणि टोकाला बराच काळ हिरवट गोल कळ्याच राहतात. एका फांदीवर पहिला घोस दिसल्यापासून सगळं झाड पिवळं होईपर्यंत कित्येक दिवस जातात. यातला कोणता दिवस ‘फुलला’ म्हणून धरायचा? पहिलं फूल? अर्धं झाड? की ज्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्याने मान वर केली तो दिवस? एकाने पहिलं फूल धरलं आणि दुसऱ्याने भरगच्च झाड धरलं, तर ४५ आणि ६० यांच्यातले पंधरा दिवस इथेच भरून निघतात. शिवाय काही बहावे पावसाळा संपता संपता पुन्हा थोडे फुलतात, त्यांचं काय करायचं हे वेगळंच.

जपानने हा घोळ सरळ मिटवला. तिथे साकुरा फुलल्याची अधिकृत घोषणा हवामान विभाग करतो. टोकियोसाठी यासुकुनी मंदिराच्या आवारातलं एक ठरलेलं झाड आहे. त्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की टोकियोत साकुरा फुलला. ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. कर्मचारी झाडाखाली उभे राहून फुलं मोजतात आणि समोर कॅमेरे लागलेले असतात. गंमत वाटेल, पण त्यामुळे यंदाची तारीख आणि वीस वर्षांपूर्वीची तारीख यांची तुलना होऊ शकते.

क्योटो शहराची गोष्ट त्याहून जुनी. तिथल्या साकुराच्या बहराच्या तारखा इसवी सन ८१२ पासून सापडतात. यासुयुकी आओनो या संशोधकाने त्या गोळा केल्या. या तारखा कुणी विज्ञानासाठी लिहिलेल्या नव्हत्या. दरबारी लोकांनी, धर्मगुरूंनी आपल्या रोजनिशीत ‘आज फुलं पाहायला मेजवानी होती’ असं लिहून ठेवलं होतं, एवढंच. मध्ये मध्ये कित्येक वर्षं रिकामी आहेत. तरीही २०२१ मध्ये क्योटोत २६ मार्चला पूर्ण बहर आला, तेव्हा ती त्या बाराशे वर्षांच्या नोंदींमधली सर्वांत लवकरची तारीख आहे हे सांगता आलं. त्याआधीचा विक्रम २७ मार्चचा होता, १४०९ सालचा. एका दिवसाचा फरक, आणि तोही सहाशे वर्षांनी मोजता आला.

मराठीत शब्द आहेत, तारखा नाहीत

असं निरीक्षण आपल्याकडे नव्हतंच, असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. झाडाच्या किंवा पिकाच्या वाढीच्या टप्प्यांना मराठीत जितके नेमके शब्द आहेत, तितके वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाहीत. ज्वारी पोटरीत येते, मग निसवते, मग हुरड्यात येते. भाताला फुटवे येतात, लोंबी येते, दाणा चिकात भरतो. कपाशीला आधी पातं, मग फूल, मग बोंड. हरभऱ्याला घाटे. ‘पीक पोटरीत आहे आणि पाऊस नाही’ एवढं एक वाक्य ऐकलं की शेतकऱ्याला नुकसान किती होणार ते समजतं, कारण टप्पा समजला.

पावसाची चाहूल घेण्याचेही असेच संकेत आहेत. पावशा ओरडायला लागला की ‘पेरते व्हा’ असं तो सांगतो म्हणतात. पहिल्या सरींनंतर मातीवर मखमली लाल मृगाचा किडा दिसतो. दुर्गा भागवत यांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आलं. महिन्यामहिन्याने झाडं, फुलं, पाखरं कशी बदलतात ते त्यात इतक्या बारकाईने टिपलं आहे की आजही लोक ते हातात घेऊन झाडं पाहायला निघतात.

जिथे या टप्प्यांवर पैसा अवलंबून आहे, तिथे निरीक्षण आजही काटेकोर चालतं. कोकणातल्या हापूसचं पाहा. बागायतदार कॅलेंडर बघून फवारणी करत नाही, तो झाड बघतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातही पहिली फवारणी अमुक तारखेला असं नसतं. ती पोपटी पालवीवर करायची असते, मोहोर येण्याआधी. दुसरी बोंगे फुटताना. पुढे फळ वाटाण्याएवढं झालं, सुपारीएवढं झालं, अंड्याएवढं झालं, अशी बोलीच आहे. तुडतुडे, भुरी, करपा यांचा हल्ला कोवळ्या मोहोरावर होतो, म्हणून टप्पा चुकला तर औषधाचा खर्च वाया आणि मोहोरही काळा पडतो.

मोहोरासाठी थंडी लागते. ती लांबली की मोहोर लांबतो. थंडी टप्प्याटप्प्याने आली की मोहोरही टप्प्याटप्प्याने येतो. एका फांदीवर सुपारीएवढी फळं धरलेली असताना शेजारी पुन्हा मोहोर फुटतो. याला पुनर्मोहोर म्हणतात आणि बागायतदार त्याला घाबरतो, कारण झाडाची ताकद नव्या मोहोराकडे वळते आणि धरलेली फळं गळतात. मार्चमध्ये बाजारात येणारी पेटी आणि मेमध्ये येणारी पेटी यांच्या भावात किती फरक असतो, हे आंबा खाणाऱ्यांनाही माहीत आहे. मोहोर कोणत्या आठवड्यात आला, हा तिथे थेट पैशाचा प्रश्न आहे.

विदर्भात मोहाचं तसंच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात आणि उजाडायच्या आत लोक टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. अवकाळी पाऊस किंवा गारपीट त्याच पंधरवड्यात आली तर त्या कुटुंबाचा वर्षाचा एक आधार गेला.

पण हे सगळं ज्ञान डोक्यात आणि बोलण्यात राहिलं. आजोबांना माहीत असतं, नातवाला ‘पूर्वी असं नव्हतं’ एवढंच ऐकायला मिळतं. बदल झाला असेलही. किती झाला, हे सांगायला १९८० सालची तारीख हवी, आणि ती बहुतेक घरांत नाही.

एक झाड, आठवड्याला पाच मिनिटं

आता प्रत्यक्ष काय करायचं? बहाव्याचंच उदाहरण घेऊ.

रोजच्या जाण्यायेण्यात असलेलं एक झाड निवडायचं. सोसायटीतलं, शाळेच्या फाटकाजवळचं, बस थांब्यामागचं, कोणतंही. मुद्दाम गाडी काढून जावं लागेल असं झाड निवडलं तर दोन महिन्यांत उत्साह संपतो. मग वार ठरवायचा. समजा रविवार. दर रविवारी त्याच झाडाकडे पाहून तीन ओळी लिहायच्या: पानं, फुलं, शेंगा. पानांत कोवळी, जून, पिकलेली. फुलांत कळ्या आणि उमललेली. शेंगांत हिरव्या आणि काळ्या. प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ यांतला एक शब्द. एक तृतीयांशापेक्षा कमी झाड व्यापलेलं असेल तर थोडी, जास्त असेल तर भरपूर. बस.

हीच पद्धत ‘सीझनवॉच’ हा भारतभरातला उपक्रम वापरतो. २०१० च्या सुमारास तो सुरू झाला, शंभराहून जास्त प्रकारची झाडं त्यांच्या यादीत आहेत आणि सर्वांत जास्त नोंदी केरळमधल्या शाळकरी मुलांनी केलेल्या आहेत. केरळला बहाव्याचं विशेष कौतुक आहे. तिथे त्याला कणिक्कोन्ना म्हणतात, ते राज्याचं फूल आहे आणि एप्रिलच्या मध्याला येणाऱ्या विषू सणाला ते देवापुढे लागतंच. सणाच्या खूप आधीच झाडं फुलून जातात अशी तक्रार तिथे नेहमी ऐकू येते. फरक इतकाच की तिथल्या मुलांकडे आता ती तक्रार तपासायला वह्या आहेत. ज्यांना ॲप आवडतं त्यांना तेही आहे, पण ॲपवाचून काही अडत नाही.

नोंद करताना सर्वांत जास्त वगळली जाते ती ‘नाही’ची ओळ. फूल नसेल तर लिहायचं काय, असं वाटतं. पण ‘आज कळ्या नाहीत’ हीच सर्वांत मोलाची नोंद असते. समजा २७ एप्रिलला फुलं दिसली आणि त्याआधीची नोंद २० एप्रिलची, ‘फक्त कळ्या’ अशी आहे. तर झाड या सात दिवसांत फुललं हे पक्कं. त्याआधीची नोंद थेट फेब्रुवारीतली असेल, तर फुलं २७ एप्रिलला दिसली याचा अर्थ ती फेब्रुवारीतल्या त्या नोंदीनंतर केव्हातरी आली एवढाच होतो. चूक सात दिवसांची की दोन महिन्यांची, हे रिकाम्या रविवारांवर ठरतं.

दुसरी चूक झाड बदलण्याची. या वर्षी घरासमोरचं झाड पाहिलं, पुढच्या वर्षी ऑफिसजवळचं. शेजारशेजारचे दोन बहावेही एकाच दिवशी फुलत नाहीत. एकाच्या मुळाशी गळका पाइप असेल, दुसऱ्याभोवती सिमेंट ओतलेलं असेल, किंवा जन्मजातच एक लवकर फुलणारं असेल. म्हणून तुलना त्या झाडाची त्याच झाडाशी. जमलंच तर जवळपासची तीन झाडं घ्यायची, म्हणजे एक तोडलं गेलं तरी वही बंद पडत नाही. शहरात ही शक्यता दुर्दैवाने बरीच असते.

बहावा शिकण्यासाठी चांगला, कारण त्याच्याकडे वर्षभर काही ना काही दाखवण्यासारखं असतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गळतात. मग तांबूस-पोपटी पालवी आणि फुलं जवळपास एकत्रच येतात, काळे भुंगे घिरट्या घालायला लागतात. पावसाळ्यात हिरव्या, काठीसारख्या लांब शेंगा दिसू लागतात. त्या पिकायला पुढच्या वर्षीचा उन्हाळा जवळ येतो. त्यामुळे नवी फुलं आणि गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा एकाच झाडावर एकाच वेळी लोंबताना दिसतात. नवख्याला वाटतं, फुलांच्या आधी शेंगा आल्या कशा? शेंगेतला काळा चिकट गर अस्वलं, कोल्हे, माकडं खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. शहरातल्या झाडाखाली मात्र त्या शेंगा तशाच पडून राहतात.

पळस निवडलात तर काम सोपं. पानं गळून झाड उघडंबोडकं होतं आणि त्यावर केशरी फुलं येतात, चुकायला वावच नाही. काटेसावर, पांगारा यांचंही तसंच. आंब्यात मोहोराचे टप्पे भराभर बदलतात, तिथे आठवड्याला दोनदा पाहिलं तर बरं. वड-पिंपळ नवशिक्याने घेऊ नयेत, कारण त्यांची फुलं फळासारख्या दिसणाऱ्या गोलकाच्या आत दडलेली असतात आणि फूल कधी आलं हे बाहेरून कळतच नाही. कारवीच्या नादी तर लागूच नये, ती सह्याद्रीत सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. अर्थात फुलली त्या वर्षी तारीख जरूर लिहावी.

फोटो आहेत ना, मग वही कशाला?

दर उन्हाळ्यात बहाव्याचे असंख्य फोटो इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर येतात. त्यांतून तारखा काढता येतील असं वाटतं. पण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यात दडलेली तारीख आणि ठिकाण बहुधा निघून जातं. इन्स्टाग्रामवर पोस्ट केल्याची तारीख दिसते, काढल्याची नाही, आणि तीन वर्षांपूर्वीचा फोटो ‘आजचा’ म्हणून टाकणारे कमी नाहीत. शिवाय लोक फोटो काढतात ते झाड भरगच्च फुलल्यावर. कळ्यांचा फोटो कुणी टाकत नाही. ‘आज काही नाही’ याचा तर नाहीच नाही. म्हणजे पहिल्या फुलाची तारीख फोटोंतून जवळजवळ कधीच मिळत नाही.

फोटो उपयोगी ठरवायचा असेल तर तो एकाच जागेवर उभं राहून, एकाच बाजूने काढायचा आणि खाली तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, ठिकाण, कितवा टप्पा. ‘२० एप्रिल, कोथरूड, कळ्या भरपूर, फुलं नाहीत’ असा मथळा असलेल्या पोस्टला लाइक कमी मिळतील, पण दहा वर्षांनी ती पोस्ट कुणाच्या तरी कामाची असेल.

आणि तो मेसेज?

पुढच्या एप्रिलमध्ये तो येईलच. तोपर्यंत वहीत तीन रकाने आखून ठेवता येतील. पहिल्यात ठरवलेल्या बहाव्यावर पहिलं उमललेलं फूल दिसल्याची तारीख. दुसऱ्यात हवामान खात्याने आपल्या भागात मान्सून आल्याचं जाहीर केलं ती तारीख. तिसऱ्यात मधले दिवस.

पहिल्या वर्षी तिसऱ्या रकान्यात ४५ आले तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही, ५८ आले तरी नाही. पाचव्या वर्षी तिथे पाच आकडे असतील. ते सगळे ४५ च्या मागेपुढे दोन-तीन दिवसांत आले, आणि मधल्या एखाद्या वर्षी पाऊस तीन आठवडे उशिरा येऊनही आले, तर मेसेज खरा मानून तो पुढे पाठवायला हरकत नाही. आकडे ३०, ५२, ४१, ६३ असे विखुरले असतील, तर मेसेजखाली त्या पानाचा फोटो टाकता येईल.